दुगाव ते सातपूर : रोजच्या नोकरीसाठी इलेक्ट्रिक ग्रॅव्हल सायकल कोणती घ्यावी?

शिवाररस्ता

नमस्कार. नाशिकच्या गिरणारे रस्त्यावर दुगावजवळ आमचा द्राक्षमळा आहे, घरही मळ्यातच आहे आणि नोकरी सातपूर औद्योगिक वसाहतीत आहे. आजवर मोटारसायकलने ये-जा केली. आता वर्षातले निदान आठ-नऊ महिने तरी सायकलने जायचे असे ठरवले आहे. एकेरी अंतर सुमारे चौदा किलोमीटर आहे. साध्या सायकलने सकाळी जाणे जमते, परंतु आठ तास उभ्याने काम केल्यावर संध्याकाळी वाऱ्याला तोंड देत परतताना पाय साथ देत नाहीत, म्हणून मोटरचा आधार हवा आहे.

रस्त्याचे वर्णन आधी करतो, कारण निवड त्यावरच अवलंबून राहील असे वाटते. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा दीड-दोन किलोमीटरचा शिवाररस्ता मुरमाचा आहे; पावसाळ्यानंतर त्यातील खडी उघडी पडते आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल होतात. पुढे गोवर्धन, गंगापूर गाव आणि बारदान फाट्यावरून ध्रुवनगरच्या बाजूने सातपूरला जातो. डांबरी भाग बरा असला तरी टोमॅटोच्या हंगामात गिरणाऱ्याकडून येणाऱ्या पिकअप गाड्यांना वाट देण्यासाठी साइडपट्टीवर उतरावे लागते आणि २०२७च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहराच्या बाजूला कोणता रस्ता कधी खोदलेला असेल ते सांगता येत नाही. याच कारणांमुळे अरुंद टायरची रोड सायकल बाद केली आहे, आणि पुढे सस्पेन्शन असलेली जड माउंटन सायकल डांबरावर उगीच ओढत न्यावीशी वाटत नाही; म्हणून या दोन्हींच्या मधली, रोड सायकलसारखी पण रुंद टायरची, खडीवरही चालणारी ग्रॅव्हल सायकल हवी आहे.

खर्चाची मर्यादा एक लाख रुपये, फार तर सव्वा लाख. तीन पर्याय समोर आहेत. जर्मनीतील चुलतभाऊ म्हणतो की तिकडची इलेक्ट्रिक ग्रॅव्हल सायकल वापरलेली घेऊन पाठवतो. नाशिकमधील दुकानदार म्हणतात की मागच्या चाकात मोटर असलेली तयार इ-सायकल घ्या. तिसरा पर्याय म्हणजे साधी ग्रॅव्हल सायकल घेऊन तिला मोटर-बॅटरीचा सुटा संच, म्हणजे किट बसवणे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सातपूर_शिफ्ट

धागा चांगला आहे. मार्गदर्शन करण्याआधी तीन गोष्टी विचारतो. शिफ्ट बदलती आहे का? कारखान्यात चार्जिंग करू देतात का? आणि सायकल उभी कुठे राहणार?

शिवाररस्ता

पहिली आणि दुसरी शिफ्ट आलटून पालटून असते, म्हणजे दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात रात्री बारानंतर परतावे लागते. चार्जिंगसाठी सुरक्षा विभागाने नकार दिला आहे. लिथियम बॅटरी आवारात चार्ज करायची नाही असा नियमच आहे. सायकल वॉचमनच्या केबिनसमोरील पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहील, त्यामुळे चोरीची भीती कमी आहे.

चेनरिंग

शिवाररस्ता, आपण रस्ता नीट मांडला त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी आधी कायदा आणि नंतर हिशेब मांडतो, कारण या दोन्हींमुळे निम्मे पर्याय आपोआप गळतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २ (यू) नुसार पेडलच्या जोडीला मोटर असलेली सायकल मोटार वाहन गणली जात नाही, मात्र त्यासाठी मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी हवी, वेग वाढत जाईल तशी मोटरची मदत घटत जाऊन ताशी २५ किलोमीटरला ती पूर्ण थांबली पाहिजे, आणि स्वाराने पेडल मारणे थांबवले तर त्याआधीच थांबली पाहिजे. योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर याही अटी आहेत. या चौकटीत बसणाऱ्या सायकलला नोंदणी, परवाना किंवा विमा लागत नाही. जिला हे लागू होत नाही ती सायकल कायद्याच्या दृष्टीने विनानोंदणीचे मोटार वाहन ठरते, आणि रोज वर्दळीच्या रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या नोकरदाराने ती जोखीम घेऊ नये. अपघात झाला तर पहिला प्रश्न तोच विचारला जाईल.

आता हिशेब पाहू. आपले वजन ७५ किलो धरू, सायकल २० किलो, डबा आणि पिशवी ५ किलो, म्हणजे एकूण १०० किलो. सपाट डांबरावर, वारा नसताना, ताशी २५ किलोमीटर वेग राखायला सुमारे १५० वॉट लागतात. त्यातले ८० ते ९० वॉट साधारण प्रकृतीचा माणूस फारसा घाम न गाळता देऊ शकतो, म्हणजे मोटरकडून ६०-७० वॉट पुरतात. चार टक्के चढावर ताशी २० किलोमीटरने जायचे झाले तर तीनशे वॉटपेक्षा थोडे अधिक लागतात; आपण १०० दिले तर मोटरने २०० द्यायचे. आपल्या मार्गावर घाट नाही, त्यामुळे कायद्यातील मोटर यासाठी पुरेशी आहे. सायकलचे वजन पाच किलोने वाढले तर त्याच चढावर, त्याच वेगाला, अवघे ११ वॉट जास्त लागतात. मोटर असताना ते आपल्याला जाणवणारही नाहीत.

हा शेवटचा आकडा मी मुद्दाम दिला. परदेशी इलेक्ट्रिक ग्रॅव्हल सायकलींची किंमत प्रामुख्याने हलकेपणासाठी मोजली जाते, आणि तो हलकेपणा त्या स्वारासाठी आहे जो सपाटीवर स्वतःच्या पायांनी ताशी तीस किलोमीटरने जातो, म्हणजे जिथे मोटर बंद पडलेली असते आणि उरते ते केवळ तिचे वजन. आपला सरासरी वेग वीस-बावीसच्या आसपास राहणार आहे. म्हणजे ज्या गुणासाठी ते पैसे मोजतात तो गुण आपल्या प्रवासात वापरलाच जाणार नाही. माझ्या मते पैसे टायर, ब्रेक, बॅटरीची क्षमता आणि दुरुस्तीची सोय यांवर खर्च करावेत.

दूरदेशी

मी मूळचा नाशिकरोडचा, गेली काही वर्षे नेदरलँड्समध्ये आहे आणि रोज इलेक्ट्रिक ग्रॅव्हल सायकलनेच कामावर जातो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. चेनरिंग यांचा हिशेब बरोबर आहे, पण हलकेपणा फक्त चढावर कळतो असे नाही. सायकल जिन्यावरून उचलताना, कालव्यावरचा अरुंद पूल ओलांडताना, चाकोरीतून पुढचे चाक बाहेर काढताना तेरा किलो आणि तेवीस किलो यांत फार अंतर पडते. बॅटरी संपली तर हलकी सायकल साध्या सायकलसारखी घरी आणता येते. जड सायकल ढकलत आणावीशी वाटते.

इकडच्या सायकलींचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतील. एका वर्गात हलक्या, कमी ताकदीच्या सायकली येतात. स्पेशलाइझ्डची टर्बो क्रिओ २०१९ साली आली तेव्हा तिच्या मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ३५ न्यूटन-मीटर आणि बॅटरीची साठवण ३२० वॉट-तासांची होती. माहले एक्स-३५ ही मोटर मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसते, टॉर्क ४० न्यूटन-मीटर, बॅटरी २५० वॉट-तास. ती अनेक ब्रँडांनी वापरली. टीक्यू एचपीआर-५० ही मधली, म्हणजे पेडलच्या आसापाशी बसणारी मोटर ५० न्यूटन-मीटर आणि ३६० वॉट-तासांची. दुसऱ्या वर्गात बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्ससारख्या ८५ न्यूटन-मीटरच्या मोटरी आणि ५०० वॉट-तासांच्या बॅटऱ्या. कॅनियनची ग्रेल:ऑन या प्रकारातली. ही सायकल चढावर अक्षरशः ओढून नेते, पण ती डोंगरातल्या लोकांसाठी आहे.

आता चुलतभावाच्या प्रस्तावाबद्दल. तो विमानाने येताना सायकल सामानात आणणार असेल तर बॅटरी आणता येणार नाही. १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात हातातल्या पिशवीतही चालत नाही आणि चेक-इन सामानातही चालत नाही. बॅटरी वेगळी मालवाहतुकीने पाठवायची म्हणजे धोकादायक मालाची कागदपत्रे, सीमाशुल्क आणि खर्च. शिवाय यांतल्या बऱ्याच यंत्रणांत मोटर, बॅटरी आणि डिस्प्ले एकमेकांना सॉफ्टवेअरने जोडलेले असतात. एक भाग बदलला तर अधिकृत विक्रेत्याच्या संगणकाशिवाय तो ओळखला जात नाही. इकडे तो विक्रेता दहा मिनिटांवर आहे. तुमच्या इथे तो कुठे असेल याचा विचार करा आणि मगच भावाला होकार द्या.

चेनरिंग

दूरदेशी, उचलण्याचा आणि चाकोरीचा मुद्दा मान्य आहे. तेवीस किलोची सायकल मीही सुचवणार नाही; सतरा-अठरा किलोपर्यंत थांबावे. सॉफ्टवेअरचा मुद्दा मात्र माझ्या दृष्टीने निर्णायक आहे. २०१५ साली रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार ओलांडणारी सायकल शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण करणाऱ्या डॉक्टर महाजन बंधूंचे हे शहर आहे. इथे उत्तम सायकली विकल्या जातात आणि चाक सरळ करणारे, हायड्रॉलिक ब्रेकमधली हवा काढणारे कारागीर आहेत. पण बंद खोक्यातली मधली मोटर उघडून दुरुस्त करणारा माणूस शोधायला लागेल, आणि तोपर्यंत मोटारसायकलच बाहेर काढावी लागेल.

ओहमकार

बॅटरीवर लिहितो, कारण या धाग्यात खरा अडसर तोच आहे. कारखान्यात चार्जिंग नाही, म्हणजे एका चार्जमध्ये अठ्ठावीस किलोमीटर झाले पाहिजेत, आणि तेही बॅटरी नवी असताना नव्हे तर तीन वर्षांनी.

जाहिरातीतील किलोमीटरकडे लक्ष देऊ नये. बॅटरीवरील व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. ३६ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तास म्हणजे सुमारे २५० वॉट-तास. ३६ आणि १० म्हणजे ३६०. ३६ आणि १४ म्हणजे ५०४. थांबत-सुटत, मध्यम आधार घेत, थोडी खडी आणि संध्याकाळचा समोरचा वारा धरून दर किलोमीटरला ८ ते १० वॉट-तास धरणे सुरक्षित आहे. चेनरिंग यांच्या सपाटीच्या हिशेबात हा आकडा यापेक्षा बराच कमी येतो, पण प्रत्यक्षात प्रत्येक गतिरोधकानंतर पुन्हा वेग घ्यावा लागतो. म्हणजे रोजचे २२४ ते २८० वॉट-तास. २५० वॉट-तासांची बॅटरी पहिल्याच वर्षी अपुरी पडेल. ३६० वॉट-तासांची बॅटरी मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर आली तरी २८८ वॉट-तास देईल, म्हणजे काठावर का होईना, पुरेल. ३६० ही किमान क्षमता समजावी; ४५० ते ५०० मिळाल्यास निश्चिंती.

दुसरे म्हणजे शेड. पत्र्याखाली एप्रिल-मेच्या दुपारी किती तापते हे आपल्याला सांगायला नको. सर्वसाधारण लिथियम-आयन सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत तासन्‌तास पडून राहणे हेच तिच्या लवकर म्हातारे होण्याचे मोठे कारण असते. म्हणून काढता येणारी बॅटरी घ्या, आणि चार्ज करू देत नसले तरी ती लॉकरमध्ये ठेवू द्यावी एवढी परवानगी सुरक्षा विभागाकडून लेखी घ्या. डाउनट्यूबच्या (फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीच्या) आत कायमची बंद केलेली बॅटरी दिसायला सुबक असते, पण आपल्या परिस्थितीत ती नको. घरी पोचल्याबरोबर चार्जिंगला लावू नका. बॅटरी तासभर निवू द्या.

मळ्यातल्या विजेचीही चौकशी करा. ३६ व्होल्टच्या बॅटरीसोबत येणारा २ अँपिअरचा चार्जर ३६० वॉट-तासांना साधारण पाच तास घेतो. दुसऱ्या शिफ्टहून मध्यरात्री आल्यावर सिंगल-फेज पुरवठा सकाळपर्यंत टिकतो का? टिकत नसेल तर ३ किंवा ४ अँपिअरचा चार्जर चालतो का, हे बॅटरी देणाऱ्याकडून जाणून घ्या. स्वतःच्या मनाने मोठा चार्जर लावू नका. विजेचा खर्च म्हणाल तर एका चार्जला अर्धे युनिटही लागत नाही.

म्हसरूळची_सायकल

ओहमकार दादांनी बॅटरीचे सांगितले, मी टायरचे सांगते. मी इलेक्ट्रिक नव्हे, साधी ग्रॅव्हल सायकल चालवते, पण म्हसरूळपासून रामशेजच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर बराच वावर असतो.

खडीपेक्षा जास्त त्रास सराट्यांचा होतो. पावसाळा संपून शेताच्या बांधांवरचे गवत वाळले की सराटे आणि बाभळीचे काटे रस्त्यावर येतात, आणि इलेक्ट्रिक सायकलचे मागचे चाक पंक्चर होणे हे साध्या सायकलपेक्षा जास्त कटकटीचे असते. मोटर हबमध्ये असेल तर तारेचा कनेक्टर सोडवायचा, दोन्ही बाजूंचे नट पान्याने काढायचे, जड चाक उतरवायचे आणि हे सर्व रात्री साडेबारा वाजता गोवर्धनच्या पुढे करायचे! म्हणून चाकाची रिम ट्यूबलेसला योग्य आहे का, हे मोटरच्या ताकदीइतकेच महत्त्वाचे माना. ४० मिलिमीटर रुंदीचा ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट (भोक बुजवणारा द्रव) असेल तर बहुतेक काटे आपोआप बुजतात. आपल्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतो, तो वेळेवर भरावा लागतो. ट्यूबलेस जमत नसेल तर पंक्चररोधक पट्टा असलेला टायर घ्या; तो थोडा जड असतो, पण मोटर आहे ना.

टायरची रुंदी ४० ते ४५ मिलिमीटर असावी आणि तेवढ्या टायरवर मडगार्ड बसेल इतकी जागा फ्रेममध्ये असावी. या दुसऱ्या गोष्टीकडे दुकानात कोणी पाहत नाही. ४५चा टायर बसतो असे सांगतात, पण मडगार्ड लावल्यावर ३८च बसतो. काळ्या मातीच्या रस्त्यावर मडगार्ड आणि टायरमध्ये निदान बोटभर फट हवी, नाहीतर चिखल अडकून चाक फिरतच नाही. कॅरिअरसाठी फ्रेमवर स्क्रूची भोके आहेत का तेही पाहा. पाठीवर पिशवी घेऊन रोज चौदा किलोमीटर जाण्यात काही अर्थ नाही, पाठ घामाने भिजते आणि शर्ट बदलायची वेळ येते.

हवेच्या दाबाचे वेगळे सांगते. ७५ किलोच्या स्वाराला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३५ ते ४५ पीएसआय पुरतो. पेट्रोल पंपावरचा मुलगा कडक करून देतो आणि मग ग्रॅव्हल सायकल घेतल्याचा उपयोगच राहत नाही.

पांडवलेणी_पायथा

एक मूलभूत शंका. एवढा खटाटोप करण्यापेक्षा याच पैशांत इलेक्ट्रिक स्कूटर का घेऊ नये? चार्ज घरीच होईल, पाऊस चालेल, रात्री वेगात घरी येता येईल.

शिवाररस्ता

पेडल मारायचे आहे म्हणून, काका. वेगात घरी येण्यासाठी मोटारसायकल आहेच.

डबलबेल

ड्रॉप हँडलबार हवाच आहे का, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. ग्रॅव्हल सायकल म्हटली की वाकलेला हँडलबार गृहीत धरला जातो, पण पिकअपच्या गर्दीत, रात्री, खडीवर सरळ हँडलबार जास्त भरवशाचा वाटतो आणि ब्रेक कायम बोटांखाली राहतात. आपल्याकडच्या तयार इ-सायकलींत ड्रॉप हँडलबार फारसा मिळत नाही. सरळ हँडलबार, ताठ (सस्पेन्शन नसलेला) फोर्क आणि ४० मिलिमीटरचे टायर अशी हायब्रिड इ-सायकल मिळाली तर ती कामाच्या दृष्टीने ग्रॅव्हलच समजावी.

चेनरिंग

डबलबेल यांच्याशी अर्धा सहमत आहे. संध्याकाळच्या समोरच्या वाऱ्यात ड्रॉप हँडलबारवर खाली वाकता येते आणि हवेचा विरोध बराच कमी होतो. ताशी २५ किलोमीटरला लागणाऱ्या दीडशे वॉटपैकी निम्म्याहून अधिक वॉट हवाच खात असते. दुसरे म्हणजे लांब अंतरावर हात ठेवण्याच्या तीन-चार जागा मिळतात. अर्थात चौदा किलोमीटर हे लांब अंतर नव्हे. ज्यांनी कधी ड्रॉप हँडलबार चालवलेला नाही त्यांनी घेण्याआधी शिवाररस्त्यासारख्याच रस्त्यावर चालवून पाहावा, दुकानासमोरच्या काँक्रीटवर पाहू नये.

दूरदेशी

थोडे विषयाला धरूनच विचारतो. मोटरचा सेन्सर कोणता, हे कोणीच लिहिले नाही. माझ्या अनुभवात मोटर हबमध्ये आहे की मध्ये, यापेक्षा सेन्सरने जास्त फरक पडतो.

ओहमकार

बरोबर. स्वस्त सायकलींत केडन्स सेन्सर असतो. पेडल फिरते आहे एवढेच त्याला कळते, किती जोराने फिरते ते कळत नाही. परिणामी मोटर एकदम धक्का देते आणि पेडल थांबवल्यावरही क्षणभर चालू राहते. डांबरावर त्याची सवय होते, पण उघड्या खडीवर वळताना तो क्षणभराचा धक्का मागचे चाक घसरवतो. टॉर्क सेन्सर पायाचा जोर मोजतो आणि त्या प्रमाणात मदत देतो, त्यामुळे खडीवर पकड टिकते आणि बॅटरीही जपून वापरली जाते. मुरमाच्या रस्त्यासाठी मी टॉर्क सेन्सर अनिवार्य मानेन, त्यासाठी मोटरच्या ताकदीत तडजोड करावी लागली तरी चालेल.

चेनरिंग

तिसऱ्या पर्यायावर, म्हणजे साध्या ग्रॅव्हल सायकलला किट बसवण्यावर, सविस्तर लिहायचे राहिले होते. हा पर्याय कागदावर सर्वांत आकर्षक आहे आणि दुकानात गेल्यावर सर्वांत जास्त अडतो तोही हाच.

बहुतेक हब-मोटर किट १३५ मिलिमीटर अंतराच्या, उघड्या खाचांच्या मागच्या फ्रेमसाठी बनवलेली असतात. चांगल्या ग्रॅव्हल सायकलींना मात्र १४२ मिलिमीटर अंतर आणि १२ मिलिमीटर जाडीचा थ्रू-अॅक्सल असतो, म्हणजे फ्रेमला खाच नसून आरपार भोक असते. नेहमीच्या हब-मोटरचा आस त्यात बसतच नाही. गंमत अशी की सायकल जितकी महाग आणि आधुनिक, तितके किट बसणे अवघड. त्यामुळे किटसाठी घ्यायची तर उघड्या खाचांची, म्हणजे क्विक रिलीजची, अॅल्युमिनिअमची किंवा पोलादी फ्रेमची, सुरुवातीच्या श्रेणीतील ग्रॅव्हल सायकल पाहावी. कार्बन फ्रेमला किट लावू नये. पुढच्या चाकातील मोटरही नको. खडीवर पुढचे चाक फिरून घसरले तर सावरायला वेळ मिळत नाही.

मधल्या मोटरचे किट, उदाहरणार्थ बाफांगचे बीबीएस-०१, पेडलच्या आसाच्या जागी बसते. त्यासाठी ६८ किंवा ७३ मिलिमीटर रुंदीचे, आट्यांचे बॉटम ब्रॅकेट (फ्रेममधील पेडलच्या आसाची बैठक) लागते. आटे नसलेल्या, दाबून बसवायच्या प्रेस-फिट प्रकारात हे किट बसत नाही. ही मोटर गिअरमधून ताकद देते म्हणून चढावर सरस ठरते, पण चेन आणि स्प्रॉकेट लवकर झिजतात, गिअर बदलताना जोर कमी केला नाही तर चेन तुटू शकते, आणि मोटर खाली लोंबत असल्याने चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला लागण्याची भीती असते. त्याच घराण्यातील बीबीएस-०२ ही ५०० आणि ७५० वॉटची असते आणि ती आपल्या नियमात बसत नाही. विक्रेते वेगमर्यादा सॉफ्टवेअरने काढून देतो असे सांगतात. ते ऐकून घ्यावे आणि पुढच्या दुकानात जावे.

एक बारकावा ड्रॉप हँडलबारचा. किटसोबत येणाऱ्या ब्रेक लिव्हरमध्ये मोटर बंद करणारा स्विच असतो, पण ते लिव्हर सरळ हँडलबारचे असतात. ग्रॅव्हल सायकलच्या ब्रेक-गिअर लिव्हरमध्ये तो स्विच नसतो. मग ब्रेकच्या केबलवर बसणारा सेन्सर वेगळा घ्यावा लागतो. टॉर्क सेन्सर असेल तर पाय थांबताच मोटर थांबते, त्यामुळे हा अडसर बराच सौम्य होतो.

सातपूर_शिफ्ट

रात्रीच्या परतीबद्दल दोन गोष्टी लिहितो. मोटरच्या बॅटरीवर चालणारा पुढचा दिवा असेल तर उत्तम, पण त्याशिवाय स्वतंत्र चार्जिंगचा एक दिवा हवाच. बॅटरी संपल्यावर मोटर आणि दिवा एकाच वेळी जाणे परवडणारे नाही. मागचा लाल दिवा मिचमिचणारा नको, स्थिर ठेवा. मागून येणाऱ्याला अंतराचा अंदाज येतो. दुसरे म्हणजे, त्या पट्ट्यात उसाच्या आणि द्राक्षांच्या शेतांत बिबट्याचा वावर असतो हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. इलेक्ट्रिक सायकल आवाज न करता येते, म्हणून शिवाररस्त्यावर वळणाआधी घंटी वाजवत जा.

म्हसरूळची_सायकल

पावसाचेही लिहून टाकते. सायकलवर पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असतो; त्यातील आयपीएक्स-४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे पाणी चालते. साचलेल्या पाण्यातून जाणे चालते असा त्याचा अर्थ नाही. हब-मोटर पाण्यात बुडाली तर आसातून तार जिथे बाहेर येते तिथून पाणी आत शिरते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदावरीच्या रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले याची चौकशी सगळे नाशिक करते. त्या दिवसांत सखल पुलावरून इलेक्ट्रिक सायकल घालू नये. तारेला कनेक्टरच्या आधी खाली झोळ द्यावा म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता तिथून गळून जाते, आणि कनेक्टरमध्ये सिलिकॉन ग्रीस लावावे. चिखल झाल्यावर सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर पंपाने मुळीच धुऊ नये. बादली आणि फडके पुरते.

ब्रेकचेही राहिले. ओल्या चिखलात रिम ब्रेक उपयोगाचे नाहीत, डिस्क हवेत. हायड्रॉलिक अधिक चांगले. मेकॅनिकल डिस्क असतील तर केबल ताणणे आणि पॅड जवळ घेणे घरच्या घरी जमते. मोटरमुळे सायकल जड होते आणि पॅड साध्या सायकलपेक्षा लवकर संपतात, तेव्हा एक जोडी घरात ठेवावी.

शिवाररस्ता

सर्वांचे मनापासून आभार. चर्चेवरून माझा निर्णय असा झाला आहे. भावाला नको म्हणून कळवले. विमानातील बॅटरीचा नियम ऐकून तोही चकित झाला. पहिली पसंती तयार इ-सायकलला देत आहे, परंतु तिच्यात टॉर्क सेन्सर, ३६० वॉट-तासांहून मोठी काढता येणारी बॅटरी, डिस्क ब्रेक, ताठ फोर्क आणि मडगार्डसह ४० मिलिमीटरच्या टायरला जागा हे सर्व असेल तरच. वजन अठरा किलोच्या आत असावे, एक-दोन किलो इकडे-तिकडे चालेल. मोटर नियमात बसत असल्याचे चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र आणि बॅटरी तीन वर्षांनी स्वतंत्र विकत मिळेल का, हे दोन्ही दुकानदाराकडून लेखी मागणार आहे.

तशी सायकल मिळाली नाही तर क्विक रिलीजची ग्रॅव्हल सायकल आणि मागच्या हबचे किट. त्याबाबत एकच प्रश्न उरला आहे. अॅल्युमिनिअम फ्रेमच्या खाचेत मोटरचा आस फिरून फ्रेम खराब होते असे ऐकले, ते कितपत खरे आहे आणि मापे कोणती घ्यावीत?

चेनरिंग

खरे आहे. मोटर चाकाला जितक्या जोराने पुढे ढकलते तितक्याच जोराने तिचा आस खाचेत उलटा फिरू पाहतो. आसाला दोन बाजू सपाट असतात आणि त्या खाचेच्या कडांवर टेकतात. अॅल्युमिनिअम मऊ असल्याने नट थोडा जरी सैल झाला तरी कडा हळूहळू गोल होतात आणि एके दिवशी आस फिरून तार तुटते. उपाय म्हणजे टॉर्क आर्म, आसाच्या सपाट भागावर घट्ट बसणारी पोलादी पट्टी, जिचे दुसरे टोक चेनस्टेला (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला) बांधलेले असते. ४० न्यूटन-मीटरच्या मोटरला एका बाजूला एक पुरते, पण अॅल्युमिनिअमची फ्रेम असेल तर मी दोन्ही बाजूंना लावतो.

मापे तीन घ्यावीत. दोन्ही खाचांच्या आतल्या बाजूंमधील अंतर १३५ मिलिमीटर आहे का. खाचेची रुंदी साधारण १० मिलिमीटर आहे का, कारण मोटरच्या आसाची सपाट बाजू बहुधा तेवढीच असते. आणि डाव्या बाजूला डिस्क कॅलिपर आणि मोटरचे कवच यांच्यात निदान दोन-तीन मिलिमीटर फट राहते का. तिसरे माप दुकानात चाक प्रत्यक्ष बसवल्याशिवाय कळत नाही, म्हणून किट आणि सायकल एकाच दिवशी, एकाच ठिकाणी जुळवून पाहावी आणि पैसे त्यानंतरच द्यावेत. आपण गुणवत्ता विभागात असाल तर वर्निअर सोबत न्या. दुकानातील टेपवर विसंबू नका. नट बसवल्यावर पहिल्या आठवड्यात दोनदा आणि पुढे महिन्यातून एकदा पान्याने तपासत राहा.